प्रॉक्टरच्या रश्श्यातलं मीठ

या, पुढे बसा, खुर्च्या रिकाम्या आहेत. आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' हे नाटक तुम्ही वाचलंय किंवा पाहिलंय असं धरून चालतो, नाहीतर १६९२ चं सेलम, म्हणजे अमेरिकेतल्या त्या गावातले चेटकाचे खटले, आणि मॅकार्थीचा काळ, म्हणजे तिथे कम्युनिस्टांना शोधून काढायचं जे वेड शिरलं होतं ते, हे सांगण्यातच वेळ जायचा. विषय आहे नाटकातला शेतकरी जॉन प्रॉक्टर कोणाकोणाला भिडतो हा, पण आधी एक तक्रार मांडू द्या.

मध्ये पुण्यातल्याच एका ग्रुपने हे नाटक मराठीत केलं. पोरांनी जीव ओतला होता, कोर्टाचा सीन अंगावर आला. पण दुसऱ्या अंकाची सुरुवातच उडवलेली! दिग्दर्शकाला गाठलं तर म्हणतो, सर, तिथे काही घडत नाही हो, नवरा-बायको नुसते जेवतात. अरे बाबा, सगळं तिथेच घडतं! प्रॉक्टर शेतावरून उशिरा येतो, बायको एलिझाबेथ वर मुलांपाशी, हा चुलीवरचा रस्सा चाखतो, पटत नाही, स्वतःच चिमूटभर मीठ टाकतो. मग ती येऊन वाढते आणि हा म्हणतो, झकास झालंय, मीठ अगदी बेताचं. ती लाजून खूश होते. कामाला असलेल्या ॲबिगेलशी याचं लफडं झालं, बायकोने तिला घालवली, तेव्हापासून हा घरात असा जपून वावरतोय, हे सगळं त्या मिठात आलं की नाही?

आणि लगेच पुढे ती म्हणते, सेलमला जा, यात चेटूकबिटूक काही नाही असं ॲबिगेल तुला बोलली ते कोर्टात सांग. चेटकाच्या आरोपाखाली चौदा माणसं तुरुंगात आहेत आणि हे सगळं खोटं आहे हे याला ठाऊक आहे, तरी हा चालढकल करतो, कारण ती बोलली तेव्हा खोलीत दोघंच होते. हे तोंडून निसटतं आणि बायको नेमकं तेवढंच पकडते, कारण आधी याने चारचौघांत भेटलो असं सांगितलेलं. माझं म्हणणं एवढंच की प्रॉक्टर भित्रा नाही, त्याचं पाप त्याला अडवतं, आणि त्याच रात्री एलिझाबेथच्या नावाचं वॉरंट दारात येतं. हा सीन कापलात की उरतो नुसता हीरो. 'घाशीराम'मधून नानाला मुलगी देणं वगळून बघा, काय उरतं? १९७२ साली ते नाटक इथेच, भरत नाट्य मंदिरात उभं राहिलं, पुणेकरांना याहून काय सांगायचं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं म्हणतायत. बरं, भराभर सांगतो.

पाद्री हेल दहा आज्ञा म्हणायला लावतो तेव्हा हा नेमकी व्यभिचाराची विसरतो, बायको आठवण करून देते, प्रेक्षक हसतात, हसू दे. तिसऱ्या अंकात न्यायाधीश डॅनफोर्थसमोर हा स्वतःची अब्रू स्वतः वेशीवर टांगतो आणि कधी खोटं न बोलणारी एलिझाबेथ नेमकी तिथे त्याच्यासाठी खोटं बोलते, सगळं फिसकटतं. चौथ्यात जीव वाचवायला हा चेटूक केल्याची कबुली देतो, सहीसुद्धा करतो, पण इतरांची नावं घेत नाही आणि तो कागद चर्चच्या दारावर लावू देत नाही, फाडतो. स्वतःच्या पापाचा हिशोब देईन, दुसऱ्याचा नाही, ही अक्कल त्याला घरातल्या त्या भांडणातून आलेली आहे असं मला मनापासून वाटतं. इलिया काझानने १९५२ साली कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीला सहकाऱ्यांची नावं दिली होती, तो मिलरचा जवळचा दिग्दर्शक. नाटक आलं १९५३ ला. १९५६ मध्ये मिलरलाच समितीने बोलावलं, तो स्वतःबद्दल बोलला, दुसऱ्यांची नावं दिली नाहीत, १९५७ ला अवमानाबद्दल दोषी ठरला, १९५८ ला अपिलात सुटला. नाटक बसवणाऱ्यांनी दुसरा अंक पूर्ण ठेवा, वेळ कमी पडत असेल तर कोर्टातली आरडाओरड थोडी छाटा.