महाल कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो. नाशकाहून आग्रा रोडने चांदवडला गेलात, तर अहिल्यादेवी होळकरांचा रंगमहाल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोरीव लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं, सगळं निवांत बघण्यासारखं आहे. आज बोलायचंय ते त्याच्या नावातल्या ‘महाल’बद्दल.

महा अधिक आलय, म्हणून महाल, असं बरेच जण सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण शब्द अरबी आहे. ‘हल्ल’ म्हणजे गाठ सोडणं. वाळवंटात तांडा थांबला की उंटांवरच्या ओझ्यांच्या दोऱ्या सुटायच्या. म्हणून त्याच क्रियापदाला उतरणं, मुक्काम करणं हाही अर्थ आला. मुक्कामाची जागा ती ‘महल्ल’. मोहल्ला याच घरातला. हलालसुद्धा; ज्याच्यावरचं बंधन सुटलेलं आहे ते. थोडक्यात, मुळात महालात ना राजा होता ना झुंबरं.

तो थाट फारसीतून आपल्याकडे येता येता चढला. मोगलांच्या जनानखान्याला महल म्हणू लागले, राण्यांच्या किताबांतही तो आला. मुमताज महल हे नाव नव्हे, किताब आहे. तिचं नाव अर्जुमंद बानू. आणि जगातला सगळ्यात प्रसिद्ध महाल म्हणजे तिची कबर!

मराठ्यांनी मात्र राहत्या घराला बहुतेक वेळा वाडाच म्हटलं. आपल्या नाशकातल्या सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा घ्या, नाहीतर पुण्याचा शनिवारवाडा. महाल असायचा तो बहुधा वाड्याच्या आत. शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल म्हणजे दरबाराचं दालन, तसाच तिथला आरसेमहाल. मला ही वाटणी फार आवडते: घर आपल्या शब्दाचं, दिवाणखाना पाहुण्या शब्दाचा.

दफ्तरात या शब्दाचा संसार वेगळाच. अकबराच्या काळापासून महाल म्हणजे महसुलाचा एक भाग. इंग्रजी अमदानीत तालुक्याहून लहान विभागाला महाल म्हणत आणि त्यावर महालकरी असे. त्यामुळे गुजरातेत पंचमहाल जिल्ह्यात जाऊन कुणी पाच राजवाडे शोधू नयेत. ते पाच महसुली महाल.

आणि तुमच्या घरातलं कुणी दुबई-मस्कतला नोकरीला असेल तर विचारून बघा. तिथे बाजारातल्या पाट्यांवर हाच शब्द दिसतो. आजच्या अरबीत ‘महल्ल’ म्हणजे चक्क दुकान.