सीपीयूमागचं कुलूप

(दृश्य: टेबलाखालचा सीपीयू, मागच्या बाजूला धुळीने माखलेलं डोंगल.)

अंगठ्याएवढी ही वस्तू, डोंगल, म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं कुलूप. पुण्यातल्या नारायण पेठेतल्या या छापखान्यात ते वर्षानुवर्षं संगणकाच्या मागे, जुन्या प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसून होतं. काढलं की मराठी टायपिंग बंद. झाडू मारतानाही तिकडे कुणी हात घालत नसे.

लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची निमंत्रणं, मंडळांचे अहवाल. मालक आणि दोन माणसं. पानं लागायची पेजमेकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याची शेवटची आवृत्ती, 7.0, आली 2001 साली. पुढे ते वाढलं नाही, तरी संगणकावर पानं लावणाऱ्या मराठी डीटीपीवाल्यांनी सोडलं नाही. सोडणार कसं? जुन्या फाँटमध्ये 'क' हा मुळात 'क' नव्हताच. इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं ते 'क'चं चित्र होतं. फाँट बदलला की 'चि. सौ. कां.'चं रोमन कडबोळं. मजकूर आपला, फाइल आपल्या कपाटात, आणि वाचायची किल्ली त्या डोंगलमध्ये.

एका पावसाळ्यात तो संगणक जळाला. नव्या संगणकाला ते पोर्टच नव्हतं.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलू. या धंद्यात ओपन सोर्सची, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, उघडून बदलावं अशा सॉफ्टवेअरची, स्पर्धा महागड्या सॉफ्टवेअरशी नाही, पायरेटेड सीडीशी आहे. फुकट तर तीही होतीच! फक्त कॉपीराइट कायद्याचं कलम 63ब तिच्या मागे उभं असतं. धंद्यासाठी जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं, तर 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. पण मालकांना विचाराल तर ते कायद्याचं नाव घेत नाहीत. ते म्हणतात, ‘माझाच मजकूर मला उघडता येईना, ते जास्त लागलं.’

(दृश्य: पडद्यावर प्रूफ, लाल पेनाच्या खुणा.)

मालकांच्या भाच्याने नव्या संगणकात लिब्रेऑफिस हे ओपन सोर्स ऑफिस-सॉफ्टवेअर बसवून दिलं. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे 'क'ला 'क'च मानणाऱ्या सगळीकडच्या सामायिक पद्धतीत, आणला आणि खरं काम तिथून सुरू झालं. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला, रफार एक घर पुढे. जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. कन्व्हर्टर तिथेच चुकतो. दोन महिने संध्याकाळी प्रूफं वाचली.

फाँट आला मुंबईहून. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त'. छापा, विका, पोटात हात घालून बदला, पैसे नाहीत. नुसता फाँटच वेगळा विकायचा नाही, ही मुख्य अट. पत्रिकेची वेलबुट्टी इंकस्केप या चित्रांच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये होते. पानं लावायला तसंच स्क्रायबस, मात्र ते मराठीला उशिरा पावलं. जोडाक्षरं नीट जुळवणारी त्याची स्थिर आवृत्ती, 1.6, आली थेट जानेवारी 2024मध्ये. तोवर अहवाल लिब्रेऑफिसच्या रायटरमध्येच, म्हणजे पत्रं टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये, लागले, आणि दिसले तसेच.

गंमत म्हणजे या सगळ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशीही एक प्रिंटरच आहे. 1980च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना कळावं, एवढी दुरुस्ती तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये करायची होती. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, मिळाला नाही. 1983मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअर लिहिण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. कागद अडकण्याचं दुःख छापखानेवाल्याला वेगळं सांगायला नको.

कोपऱ्यातल्या एका संगणकावर कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर अजून आहे, रीतसर विकत घेतलेलं. गिऱ्हाईक फाइल त्यातलीच आणतं, त्याला नाही म्हणता येत नाही. हिशेब टॅलीतच, कारण सीएंना तेच लागतं. मालकांना त्याचं काही वाटत नाही.

(दृश्य: टेबलाचा खण उघडतो.)

डोंगल आता इथे असतं, रबरी शिक्के आणि जुन्या शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या शेजारी. टाकून का दिलं नाही? तर एका मंडळाच्या अहवालाची फाइल अजून उतरवायची राहिली आहे, आणि जुनं पोर्ट असलेला संगणक शेजारच्या छापखान्यात आहे म्हणे.