पहिली नोंद

(दृश्य : म्हापसा. शुक्रवारचा बाजार, सकाळची गर्दी.)

मयड्याची केळी, सुकी सुंगटं, मातीची भांडी, गावठी कोंबड्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. कोंबड्या बहुतेक पाय बांधूनच विकल्या जातात.

(दृश्य : स्कूटरचं हँडल, अगदी जवळून.)

या स्कूटरला तीन कोंबड्या टांगल्या आहेत. दोरी नायलॉनची, पायाच्या खवल्यांत रुतलेली. डोकी खाली, चोची उघड्या. एकीचा पंख सैल पडलाय आणि पुढच्या चाकाच्या अगदी जवळ हेलकावे खातोय. उलटी धरली की कोंबडी शांत होते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ती शांत दिसते ती भीतीनं. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं ठेवणारा पडदा नसतो. उलटं टांगलं की पोटातल्या अवयवांचा भार श्वासाच्या पिशव्यांवर येतो आणि श्वास घेणं जड होतं.

स्कूटरवाल्यानं हेल्मेट घातलेलं नाही. मोटार वाहन कायद्यात त्याला एक हजार रुपये दंड आहे. कोंबड्यांचं काय? जनावराला विनाकारण वेदना होतील अशा रीतीनं वाहून नेणं हासुद्धा गुन्हाच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये.

असल्या किरकोळ गोष्टींसाठी खटले भरायचे का, हा प्रश्न घेऊन आम्ही पेडण्यापासून सासष्टीपर्यंत फिरलो. बहुतेकांनी तो हसून उडवला. "सोडा हो, कोर्टाला दुसरी कामं नाहीत काय?" माझं म्हणणं आहे, भरायचे. कोणावर आणि कशासाठी, तेही मी सांगणार आहे.

(दृश्य : कायद्याच्या जुन्या प्रतीची पानं.)

हा कायदा झाला तो रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या चिकाटीमुळे. चेन्नईची 'कलाक्षेत्र' ही नृत्यसंस्था उभी करणाऱ्या या नृत्यांगनेनं राज्यसभेत खासगी विधेयक मांडलं. सरकार स्वतःचा कायदा आणील, या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतलं, आणि १९६० च्या डिसेंबरात तो कायदा झाला. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. पुढे स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षही रुक्मिणीदेवीच.

कलम ११ आजही वाचावं असं आहे. मारणं, लाथ घालणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, जखमी जनावराला कामाला जुंपणं, अतिशय आखूड किंवा जड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणं, मालक असून अन्न, पाणी, निवारा न देणं, उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं. लिहिणाऱ्यांनी गोठे, टांगे, बाजार जवळून पाहिले असणार, असं ती यादी वाचताना सारखं वाटतं.

दंड मात्र तेव्हाचाच राहिला. १९६० मध्ये पन्नास रुपयांचा माणसाला चटका बसायचा. आज त्यात पणजीत भाजीपाव आणि चहासुद्धा येत नाही.

(दृश्य : बार्देशातलं एक गाव. कुंपणापलीकडे बंद बंगला.)

दंडाची रक्कम वाढवली की काम झालं, असं मात्र मला वाटत नाही, आणि ते का, हे या बंगल्यापाशी कळतं.

मालक परराज्यात राहतात, वर्षातून थोडे दिवस येतात. फाटकाशी एक कुत्रा बांधलेला असतो. साखळी हातभर लांब. सकाळी फाटकाच्या खांबाची सावली पडते, दुपारी तीही नसते. पाण्याचं भांडं आहे, पण साखळीच्या टप्प्याबाहेर सरकलेलं. गळ्याचा पट्टा पिल्लू असतानाचा असावा. कुत्रा वाढला, पट्टा तेवढाच राहिला. मानेवरचे केस गेलेत, कातडी पट्ट्यावर चढलीय, आणि कडेनं ओल दिसते तिथं माश्या बसतात.

शेजारच्या बाईंनी राखणदाराला सांगून पाहिलं. "अरे बाबा, त्याला सावलीत तरी बांध रे."

"मालकांनी फाटकाशीच बांध म्हणून सांगितलंय, ताई. मी काय करू?"

मग त्या पोलिसांकडे गेल्या. तिथं त्यांचं ऐकून घेतलं गेलं, कुणी हिडीसफिडीस केलं नाही. उत्तर मात्र एकच. "ही एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार होते ताई. कोर्टाच्या आदेशाशिवाय आम्हाला तपास करता येत नाही."

पोलीस खोटं बोलले नाहीत. या कायद्याच्या कलम ३१ नं मोजकेच गुन्हे दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येईल असे, ठेवलेत. साखळी, उपासमार, मारहाण, ओझं, म्हणजे आपल्याला रोज दिसतं ते जवळजवळ सगळं, अदखलपात्र. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे पोलिसांनी नोंद करायची आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. शिवाय कलम ३६ सांगतं की गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला पाहिजे. घर, नोकरी सांभाळणाऱ्या बाईनं शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी कोर्टाची पायरी चढायची आणि तीही तीन महिन्यांच्या आत. किती जणी चढतील?

आता उलटी बाजू बघा. कुणी त्या कुत्र्याला विष घातलं किंवा पाय तोडून कायमचं जायबंदी केलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. पाच वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे पोलिसांनी आपण होऊन यावं इतकं व्हायला जनावर मरावं तरी लागतं किंवा लुळंपांगळं तरी व्हावं लागतं. पट्टा मानेत रुततोय तोवर तो किरकोळ मामला.

कुणी म्हणेल, जनावर ताब्यात घेता येतं की. येतं. कलम ३४ प्रमाणे शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर जप्त करून दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी नेऊ शकतो. कलम ३५ प्रमाणे ते दवाखान्यात ठेवता येतं. हे अधिकार वापरले जावेत म्हणून प्रत्येक ठाण्यात जाऊन सांगायला मी तयार आहे. पण पुढे काय? जखम भरली की कुत्रा कुणाचा? मालकाचाच.

मालकी काढून घेण्याची वाट कलम २९ मध्ये आहे, आणि माझं सगळं म्हणणं या कलमावर उभं आहे. मालक दोषी ठरला तरच न्यायालय जनावर त्याच्याकडून काढून घेऊ शकतं. तेही जनावर परत दिलं तर पुन्हा छळ होईल, हे पुराव्यानं दिसलं तर. आणि त्या पुराव्यांत कायदा पहिल्यांदा कशाचं नाव घेतो? आधीच्या शिक्षेचं. याच कलमाखाली अशा माणसाला काही काळ किंवा कायमचं कुठलंही जनावर पाळायला बंदी करता येते. दुसऱ्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, तीसुद्धा तो पहिल्या, सिद्ध झालेल्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत घडला असेल तरच.

पहिला गुन्हा किरकोळ म्हणून सोडला की दुसराही पहिलाच ठरतो. तिसराही. एक कुत्रा मेला की मालक दुसरं पिल्लू आणतो, आणि कागदावर त्या माणसाच्या नावापुढे काहीच नसतं. मला पहिल्या खटल्यात कुणाला तुरुंगात पाठवायचं नाही. मला ती पहिली नोंद हवी आहे, कारण त्या कुत्र्याची सुटका तिच्यावर अडलेली आहे.

(दृश्य : मे अखेरचा किनारा. उतरवले जाणारे शॅक.)

शॅकवाल्यांचंही बघायला हवं. हंगामात पर्यटकांना आवडतात म्हणून पिल्लं ठेवली जातात, ताटातलं उरलंसुरलं खाऊन ती वाढतात. मे संपता संपता बांबू आणि झावळ्या ट्रकमध्ये चढतात, कुत्री वाळूवर राहतात. सगळेच असं करतात असं नाही. काही जण पावसाळाभर खायला घालायला येतात, त्यांना मी भेटलोय.

(दृश्य : सासष्टी. कापणी झालेलं शेत, पहाटेचा उजेड.)

आता धिरयो. गोव्यात प्राण्यांच्या छळाविषयी बोलायचं आणि धिरयोवर गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. दोन बैल शिंगाला शिंग भिडवतात, आणि जो पाठ फिरवून पळतो तो हरतो. मालक या बैलांना पोटच्या पोरासारखं वाढवतात, हे खरं आहे. शिंग पोटात घुसलं की आतडी बाहेर येतात, हेही खरं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं १९९६ साली या झुंजींवर बंदी घातली. झुंजी मात्र चालूच आहेत. जागा आयत्या वेळी मोबाइलवर कळते, पैजा लागतात, पोलीस पोचेपर्यंत मैदान रिकामं.

आणि गंमत म्हणून नव्हे, संतापानं सांगतो, प्राण्यांची झुंज भरवणं हा त्या मोजक्या दखलपात्र गुन्ह्यांपैकी एक आहे. इथं पोलिसांना कोर्टाच्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. जिथं हात मोकळे आहेत तिथं गर्दीपुढे, गावच्या वजनदार माणसांपुढे ते आखडतात. विधानसभेत तर सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरून धिरयो कायदेशीर करण्याची मागणी झाली आहे. तामिळनाडूला जल्लीकट्टू चालतं, मग आम्हाला का नको, हा त्यांचा मुद्दा.

म्हणूनच गरिबांचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. खटले सुरू झाले तर पहिला हात कुणावर पडणार? बाजारातल्या कोंबडीवाल्या बाईवर. धिरयो भरवणारा सुटेल आणि तिच्या पाटीवर दांडा पडेल. ही भीती खरी आहे. तिच्यापासून सुरुवात करू नये, असंच मी म्हणेन. बांबूचं डालगं किंवा प्लास्टिकचे क्रेट बाजारात भाड्यानं मिळावेत, पाय बांधून विकू नये ही अट बाजाराच्या नियमांत यावी, आणि मग स्कूटरला टांगून नेणाऱ्याला जागच्या जागी पावती फाडावी. बंगल्याच्या मालकाला मात्र ही सवलत नको. त्याच्याकडे जागा आहे, पैसा आहे, नोकर आहे. त्याच्यावर पहिल्याच वेळी खटला.

सीमा कुठं आखायची, तेही बोललं पाहिजे. सत्तरीतल्या शेतकऱ्यानं बैलाला चाबूक दाखवला, तो गुन्हा नाही. वेसण घालायला कायद्याचीच मुभा आहे. धर्माच्या रीतीप्रमाणे केलेल्या कत्तलीला कलम २८ नं वगळलंय. रात्री पाळीवरून परतणाऱ्या मुलीनं अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यावर दगड उचलला, तर मी त्या मुलीच्या बाजूचा आहे. गोव्यात वर्षानुवर्षं घरोघर, गल्लोगल्ली फिरून दरसाल लाखाच्या आसपास कुत्र्यांना रेबीजची लस दिली गेली. लोकांची भीती कमी करायची ती अशी. पण हॉटेलच्या मागच्या दारात झोपलेल्या कुत्रीवर उकळतं पाणी ओतणाऱ्याला कसली भीती वाटत होती? कायद्यातला 'विनाकारण' हा शब्द इथं नेमका लागू पडतो.

प्राण्याला छळणारा उद्या माणसावर हात उचलेल, असं पुष्कळदा सांगितलं जातं. अमेरिकेत एफबीआय २०१६ पासून प्राणिक्रौर्याचे गुन्हे स्वतंत्रपणे नोंदवते. तो मुद्दा असेल खरा, पण मला त्याचा आधार घ्यायचा नाही. कुत्रीचं अंग भाजलं, तिला दुखलं, एवढं कारण मला पुरेसं आहे.

(दृश्य : पर्वरी. विधानसभा संकुल.)

केंद्रानं २०२२ च्या नोव्हेंबरात कायद्यातल्या दुरुस्त्यांचा मसुदा लोकांपुढे ठेवला. शिक्षा वाढवण्याचा प्रस्ताव त्यात होता. कायदा अजून झालेला नाही. पण गोव्याला दिल्लीची वाट बघत बसायची गरज नाही. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. तामिळनाडूनं २०१७ साली राज्याची दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती मिळवली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. जल्लीकट्टूसाठी वापरलेली तीच वाट दंड वाढवायलाही वापरता येते. साखळी, उपासमार आणि सोडून देणं हे गुन्हे दखलपात्र करा. पहिल्या वेळी हजारांत दंड घ्या आणि त्याच्या जोडीला समाजसेवा द्या. नव्या न्याय संहितेनं छोट्या गुन्ह्यांसाठी ती शिक्षा आणलीच आहे. फक्त जनावरं दोषी माणसाच्या हाती देऊ नका. निवाऱ्याच्या टाक्या घासायला आणि पिंजरे धुवायला लावा.

तोवर जे हातात आहे ते करूया. तक्रार तोंडी देऊ नका, लेखी द्या. तारीख, वेळ, जागा लिहा. फोटोत साखळी, भांडं आणि जखम एकत्र दिसू दे. एनसीची प्रत मागून घ्या आणि कलम ३४ चा उल्लेख अर्जात करा. तीच तक्रार पशुसंवर्धन खात्याला आणि जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेलाही पाठवा. अशा संस्था प्रत्येक जिल्ह्यात असाव्यात, असं २००१ चे नियम सांगतात. एकट्यानं जायचं धाडस होत नसेल तर वाड्यावरच्या दोघा-तिघांच्या सह्या घ्या. तीन महिने मोजायचे ते गुन्हा घडल्या दिवसापासून, तक्रारीपासून नव्हे.

बार्देशातल्या त्या बाईंनी अर्ज लिहिलाय. सह्यांसाठी त्यांनी पहिल्यांदा राखणदाराला विचारलं, आणि त्यानं सही केली.