तोडलेला ऊस आणि अर्धवट कोड

मागची पोरं पण पुढं या, माईक घुमतोय जरा. तुमच्यात किती जणांनी कारखान्याचं यार्ड बघितलंय? बरेच हात आले, सांगलीत हे सांगावं लागत नाही म्हणा. मग मला सांगा, गव्हाणीसमोर, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथं, ट्रॅक्टरची लाईन रस्त्यापर्यंत गेली की शेती विभाग काय करतो? तोड थांबवतो. कारण तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, उभा ऊस मात्र रानात दोन दिवस जास्त राहिला तर तेवढं बिघडत नाही. माझं आजचं निम्मं बोलणं यातच आलं.

आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, वजनकाटा, ऊसनोंद, शेतकऱ्यांचं बिल असं सगळं. पहिल्या कामात आम्ही सॉफ्टवेअर बनवायच्या सगळ्या पद्धती एकत्र केल्या, म्हणजे खरं तर प्रत्येकातलं दिसणारं तेवढं उचललं. वॉटरफॉलमधून, म्हणजे एक पायरी पुरी करूनच पुढची घ्यायची त्या पद्धतीतून, सह्यांचं जाडजूड डॉक्युमेंट, स्क्रममधून, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करून दाखवायच्या पद्धतीतून, रोजची मिटिंग (ती १५ मिनिटांची असायला पाहिजे, आमची पाऊण तास चालायची), कानबानमधून भिंतीवरचा बोर्ड, त्यावर एका कामाला एक कार्ड आणि एका वेळी किती कार्डं चालू ठेवायची याला मर्यादा. पण बोर्डावर 'चालू'च्या रकान्यात सहा माणसांची २३ कार्डं होती आणि ती मोजावीत असं कुणालाच वाटलं नाही. दसऱ्याला बॉयलर पेटला, पुढं मोळी पडली, आणि पहिल्याच रात्री भरलेलं वजन एका गाडीला तर रिकामं वजन दुसऱ्याच गाडीला लागायला लागलं. काट्यावर हातानं पावत्या फाडल्या आम्ही, पहाटेपर्यंत. एक म्हातारे शेतकरी पावती उजेडाला धरून परत परत वाचत होते, ते मी विसरलेलो नाही, कारण त्यांच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशोब त्या चिटोऱ्यावर होता.

आता थोडा इतिहास, कारण तिथंच गैरसमज आहेत. वॉटरफॉलचं ते पायऱ्यापायऱ्यांचं चित्र विन्स्टन रॉइस या अमेरिकन इंजिनिअरच्या १९७० च्या शोधनिबंधातलं, पण त्याच निबंधात ते म्हणतात की असं सरळ खाली उतरत गेलं आणि टेस्टिंग शेवटाला ठेवलं तर धोका आहे. लोकांनी चित्र घेतलं, इशारा सोडला. स्क्रम केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ ला मांडलं, २००१ ला अमेरिकेत स्नोबर्डला १७ जण जमले आणि अजाइलचा, म्हणजे थोडं थोडं काम पुरं करत बदलाला तयार राहायच्या विचाराचा, जाहीरनामा निघाला. कानबान टोयोटाच्या कारखान्यातून, ताइची ओनो यांच्या कामातून आलं, सॉफ्टवेअरमध्ये ते डेव्हिड अँडरसन यांनी रुजवलं. प्रत्येक पद्धत कुठल्या तरी ठराविक दुखण्यावर निघाली आहे, आणि आपण आपलं दुखणं कुठलं हे न बघता औषधं एकत्र कालवतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही आधी एवढंच विचारलं, की या भागात चूक झाली तर ती कधी कळेल आणि कुणाला भोगावी लागेल? काटा आणि बिल, इथं चूक शेतकऱ्याच्या खिशातून जाते, एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची असते आणि हंगामाची तारीख काय आपल्यासाठी हलत नाही. म्हणून ते काम पायरीपायरीनं, कागदावर, नियम लिहून, सह्या घेऊन, आणि मागच्या हंगामाच्या सगळ्या पावत्या नव्या प्रोग्रॅममधून चालवून रुपयाला रुपया जुळेपर्यंत पुढं जायचं नाही. चिटबॉय, म्हणजे रानात फिरून उसाच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा माणूस, त्याच्या मोबाईल ॲपचं मात्र उलटं, तिथं काय पाहिजे ते त्यालाही आधी सांगता येत नव्हतं. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे स्क्रममधला ठराविक मुदतीचा टप्पा, आणि स्प्रिंट संपला की थेट रानात. पहिल्या खेपेलाच एक चिटबॉय मोबाईलवर हाताची सावली धरून वाचायला लागला, आमची फिकट राखाडी अक्षरं उन्हात दिसतच नव्हती. ऑफिसात बसून हे दहा मिटिंगांत कळलं नसतं.

आणि हंगाम सुरू झाला की स्प्रिंट बंद. फोन येतील तसं काम, म्हणजे कानबान, पण मर्यादेसकट, एकूण सहाच कार्डं चालू. जॉन लिटल यांनी १९६१ ला सिद्ध केलेला साधा हिशोब आहे, आत किती माल आहे भागिले रोज किती बाहेर पडतो, तेवढी सरासरी वाट बघावी लागते. यार्डात समजा १० हजार टन ऊस आहे आणि गाळप रोजचं ५ हजार, तर गाडी दोन दिवस उभी. आमची २३ कार्डं आणि आठवड्याला पाच पुरी, म्हणजे साडेचार आठवड्यांच्या वर! सहावर आणलं तसं आठवड्याभरात कामं निघायला लागली, माणसं तीच होती बरं का. लिहून टेस्ट न केलेला कोड हा तोडून यार्डात टाकलेला ऊस आहे, तो रोज वाळतो.

खरी मारामार होते ती जोडावर, दोन पद्धती जिथं भेटतात तिथं. आम्ही बोर्डाच्या वर लाल खडूनं लिहिलंय: वजन, दर, कपात यातलं काही हललं तर कार्ड थांबवा, कागद काढा. भर हंगामात सोसायटीच्या कपातीचा एक बदल आला, अर्ध्या तासाचं काम वाटत होतं, फोनवर फोन चालू होते. आमच्या टीममधली वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी, तिनं स्वतःच कार्ड बाजूला काढलं, नियम लिहिला, जुन्या पावत्या चालवल्या, तर ज्यांची दोन सोसायट्यांत खाती आहेत त्यांची कपात दोनदा होत होती. दोन दिवस गेले, पण पंधरवड्याचं बिल सुटलं तेव्हा काट्यावर एकही माणूस भांडायला आला नाही.