कसं लागलं, हे तिला एकटीला विचारा

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'कौटुंबिक हिंसा : ओळख, कायदा आणि मदत'. तिन्हीवर बोलणार आहे, पण आधी केसपेपरवर बोलू द्या, कारण हा विषय माझ्या डोक्यात कित्येक वर्षं घोळतोय आणि इतकं शांतपणे ऐकणारं सभागृह रोज मिळत नाही. मी कॅज्युअल्टीत सिस्टर होते, तिथून पुढे समुपदेशनाकडे आले. त्यामुळे माझं सगळं म्हणणं कॅज्युअल्टीच्या टेबलापासून सुरू होतं.

मार खाल्लेली बाई पोलिसात जात नाही हो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साधारण २९ टक्के विवाहित बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय, आणि शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी. ७७ टक्के तर कुणाशी बोलल्याच नाहीत, आईशी नाही, बहिणीशी नाही. पण हाड मोडलं की प्लास्टरला यावंच लागतं, कान फुटला की थेंब घालायला यावंच लागतं. म्हणजे जी बाई जगात कुणालाच सांगत नाही, ती आमच्यासमोर स्टुलावर येऊन बसलेली असते, आणि आम्ही विचारतो काय, तर "काय झालं? पडलात का?" उत्तर आपणच हातात द्यायचं आणि तिने मान हलवायची!

जरा हात वर करा बघू, पायरीवरून किंवा बाथरूममध्ये कोण कोण पडलंय? बघा, अर्धं सभागृह. काकू, तुम्ही सांगा, कुठे लागलं होतं? गुडघा, तळहात, बरोबर, कोपर, बरोबर. आता असं सांगा, पायरीवरून पडून दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ कुणाला उठलेत? एकही हात वर नाही. मग केसपेपरवर ते पडण्याच्या खात्यात कसे जातात?

पडताना माणूस हात टेकतो, मोडलं तर बहुतेक मनगट मोडतं. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर केला तर करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडतं. समोरून उजव्या हाताने कानशिलात बसली तर फाटतो तो डावा पडदा, कुठल्याही कानाच्या डॉक्टरांना विचारा. एक डाग ताजा निळा आणि शेजारचा पिवळा पडत आलेला, तर रंगावरून नेमका दिवस सांगता येत नाही, पण ते एका पडण्यातले नाहीत इतकं शेंबडं पोरही सांगेल. गरोदर बाईच्या पोटावर मार. आणि सोबत आलेला माणूस, जो तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः देतो आणि एक मिनिट बाजूला होत नाही. त्याच्यावर आमच्या वॉर्डातल्या मावशींकडे रामबाण उपाय होता, "साहेब, पावती फाडून आणा खालून, त्याशिवाय एक्स-रे होत नाही." पावतीची रांग लांब असली की आम्हाला बरं वाटायचं. (हसू नका, त्या रांगेच्या वेळात पुष्कळ बायका बोलल्यात.)

एक गोष्ट मात्र थांबून सांगते, गळा दाबणं. बायका हे सांगताना सहज सांगतात, "मारलं नाही, नुसता गळा धरला होता." त्वचेवर बरेचदा काहीच दिसत नाही. पण आवाज बसलेला असतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके असतात, आणि त्रास काही तासांनीसुद्धा वाढू शकतो. ज्या घरात गळा दाबला गेलाय त्या घरात पुढे खून होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. कुणी तुम्हाला हे सांगितलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, "आता बरं वाटतंय" म्हणाली तरी न्या.

आता माझी तक्रार. एक बाई, नाव-गाव सांगत नाही, एका मोठ्या दवाखान्यात वेगवेगळ्या वेळी तीनदा गेली. एकदा कान, एकदा हात, एकदा बरगडी. तिन्ही कागदांवर कारण एकच, 'घरात पडल्याने'. तिला एकटीला कुणी विचारलंच नव्हतं, नवरा शेजारी उभा होता आणि लिहिणाऱ्याने त्याच्याकडे बघून लिहिलं. काही वर्षांनी तिने धीर करून कोर्टात अर्ज केला, तारखेला मी सोबत होते. समोरच्या वकिलांनी तेच तीन कागद काढले. बाई, तुम्ही तर पडला होतात ना? ती म्हणे तेव्हा भीती वाटत होती. भीती वाटत होती हे कुठल्या कागदावर आहे? कुठेच नाही. अर्ज लांबला, तोवर ती भावाच्या घरी एका खोलीत दोन मुलं घेऊन. मला अजून संताप येतो तो वकिलांचा नाही, त्यांनी त्यांचं काम केलं, संताप येतो 'घरात पडल्याने' या दोन शब्दांचा. 'नवऱ्याने काल रात्री लाथ मारली असे रुग्ण सांगते' असं एक वाक्य, कुणी, कशाने, केव्हा, कुठे लागलं, इतकं लिहायला एक मिनिट लागतं! पोलीस तक्रार नको असेल तरी हे लिहून घेता येतं, आणि त्या कागदाची प्रत मागता येते.

आणि हे जमतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पंचवीसेक वर्षांपूर्वी 'दिलासा' सुरू झालं, महापालिका आणि सेहत संस्था यांनी मिळून, दवाखान्याच्या आतच समुपदेशन केंद्र. बाईला वेगळ्या ऑफिसात जावं लागत नाही, घरी सांगते दवाखान्यात चालले, आणि ते खरंच असतं. पुढे मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही ते गेलं. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असं टेबल हवं हा माझा हट्ट आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे कायदा धावतपळत.

कौटुंबिक हिंसाचारापासून बायकांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. मारहाण तर त्यात येतेच, पण शिवीगाळ, अपमान, जबरदस्तीचा संबंध, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, हेही येतं. फक्त बायकोसाठी नाही, आई, बहीण, विधवा जाऊ, लग्नासारखं एकत्र राहणारी जोडीदार, सगळ्यांसाठी. मुलगा मारतो म्हणून आईसुद्धा अर्ज करू शकते. अर्ज मॅजिस्ट्रेटकडे, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (याच कायद्याखाली मदतीला नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा थेट. त्रास थांबवण्याचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा, भरपाई मागता येते, आणि तातडीचा आदेश समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीही मिळू शकतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सून बाहेर, असं आता सरसकट चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर, म्हणजे सुनेला राहायचा हक्क असलेलं घर, असू शकतं असं सांगितलंय. फौजदारी वेगळी. नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं, ज्याला सगळे ४९८अ म्हणतात, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. दोन्ही रस्ते एकत्र चालू शकतात.

पोलीस ठाण्यात "घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या" म्हणून परत पाठवलं तर तिथेच थांबू नका. बऱ्याच जिल्ह्यांत पोलिसांच्या जागेतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहे, मुंबईत तो १९८४ पासून, कुठे पोलिसांचा मदत कक्ष, भरोसा सेल, आहे. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, दवाखाना, वकील, समुपदेशन एका ठिकाणी. वकील फुकट मिळतो, बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. महिला हेल्पलाइन १८१. जीवावर बेतलं तर ११२.

मागून एक चिठ्ठी आलीय, शेजारच्या घरातून आवाज येतो, काय करू? त्या वेळी बेल वाजवा, वाटीभर साखर मागा, काहीही मागा, पण एकट्याने मध्ये पडू नका, जास्त वाटलं तर ११२. दुसऱ्या दिवशी तिला एकटी गाठा, त्याच्यासमोर नको आणि व्हॉट्सॅपवरही नको, फोन तो बघत असेल. दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालायला जाऊ नका, ती बोलली तर घरी गेल्यावर त्याची वसुली होते. निघायचं ठरवलं असेल तर आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले, हे दवाखान्याचे कागद, सगळ्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या घरी ठेवा, आणि निघायचा दिवस कुणाला सांगू नका, कारण बाई घर सोडते तो काळच सगळ्यात धोक्याचा असतो. आणि हो, संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कुणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा, चांगल्या हेतूने दिली तर तुमच्यावर काही येत नाही, कायद्याच्या चौथ्या कलमातच आहे. तुमच्या भागातला संरक्षण अधिकारी कोण हे जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात सांगतात, उद्या सकाळी फोन लावा.