बाकड्यावरचा मुकुट

कुडाळ तालुक्यातलं एक गाव. जत्रेची रात्र, दशावताराचा खेळ. देवळामागच्या खोलीत दोन माणसं आपापल्या आरशासमोर बसून तोंडाला रंग लावताहेत. एक राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा; दुसरा स्त्रीपार्टी, बाईचं काम करणारा पुरुष. आजचं आख्यान, हरिश्चंद्र-तारामती.

नाटक लिहिलेलं मात्र कुठंच नाही. कंपनीच्या मालकानं पात्रं वाटली, प्रवेशांचा क्रम सांगितला; बोलायचं ते ज्याचं त्यानं. सांगलीत १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ झालं, तिथून आपण मराठी नाटकाचा इतिहास मोजतो. कोकणातल्या जत्रांत दशावतार त्याच्याही आधीपासून असा तोंडी चालत आलाय.

राजपार्टीचा विचार दुपारीच होतो. जेवण झालं की माडाखाली येरझारा, ओठ हलताहेत. पुराणातले दाखले, कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं, सगळं दुकानातल्या डब्यांसारखं ओळीनं लावलेलं. स्त्रीपार्टी तेव्हा पडवीत घोरत असतो. त्याला बोलता बोलता सुचतं. तोंड उघडेपर्यंत आपण काय म्हणणार, हे त्यालाही ठाऊक नसतं.

‘काय बोलणार ते आधी सांग,’ हे भांडण त्यामुळे जुनंच. दुसरा दरवेळी हो म्हणतो आणि दरवेळी भलतंच बोलतो.

गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेले. काळ्या मुखवट्याचा संकासुर मालवणीत सगळ्यांची फिरकी घेऊन गेला. आता आख्यान. स्वप्नात दान केलेलं राज्य राजानं विश्वामित्राला खरोखरच देऊन टाकलंय. तारामती पुढे येते.

‘महाराज, दान स्वप्नात दिलंत. त्या स्वप्नात मी होते का?’

राजपार्टीकडे सत्यवचनावरचे दाखले तयार होते. यातला एकही इथं लागू पडत नाही. पेटीवाल्यानं ओळखलं; तो एकच सूर धरून बसला. राजानं मुकुट उतरवला आणि बाकड्यावर ठेवला. रंगमंचावर सामान म्हणाल तर तेवढं एक लाकडी बाकडं, आत्तापर्यंत सिंहासन होतं ते. मग तो तारामतीशेजारी खाली जमिनीवर बसला. एक शब्द नाही. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला.

हजरजबाबी माणूस तेवढा हुशार, अशी आपली एक समजूत असते. इथं टाळी स्त्रीपार्टीच्या प्रश्नाला पडली, हेही खरं. पण मुकुट उतरवणं त्याला सुचलं नसतं. त्यासाठी हरिश्चंद्र दुपारभर डोक्यात घोळवलेला माणूसच हवा होता.

संयुक्त दशावतारात वेगवेगळ्या कंपन्यांतले गाजलेले कलावंत एका रात्रीपुरते समोरासमोर येतात. गर्दी लोटते. तिथं मात्र हा स्त्रीपार्टी जपून बोलतो. समोरच्याला पेचात पकडायचं, तर तो त्यातून कसा सुटेल याचा अंदाज हवा. अनोळखी माणसाचा तो कुठून असणार?

पहाट. खेळाच्या शेवटचा दहीकाला झाला. दोघं खोबरेल तेलानं रंग पुसताहेत.

‘आधी सांगूक तुका काय झाला होता?’

‘आधी सांगूक नाय म्हणान तर तुझा तोंड तसा झाला!’

राजपार्टी गप्प. तेलाची बाटली तेवढी पलीकडे सरकवतो. बाहेर पेटारे टेम्पोत चढलेत, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. आजची रात्र मालवणच्या बाजूला आहे.