ठाण्यातली बैठक, गल्लीतलं बोलणं

(दृश्य: पोलीस ठाण्याचं आवार. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जात आहेत.)

गणेश चतुर्थीला आठ-दहा दिवस उरले की कर्नाटकाच्या बाजूच्या सीमाभागात ठाण्याठाण्यांत शांतता समितीची बैठक बसते. खानापूर असो, निपाणी असो, चिक्कोडी असो, चेहरे दरवर्षी बहुतेक तेच. गल्लीचे पंच, मंडळांचे अध्यक्ष, मुस्लिम जमातीचे प्रमुख, नगरसेवक, हेस्कॉम या वीज कंपनीचे अधिकारी, दोन-चार पत्रकार. पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक साहेब बोलतात, अध्यक्ष माना डोलावतात, चहा होतो, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: सण शांततेत साजरा करण्याचं आवाहन.

खरं तर या बैठकीला उशीरच झालेला असतो. तोवर डीजेला ॲडव्हान्स गेलेला असतो. बरेचदा डीजे सीमेपलीकडून, कोल्हापूर-इचलकरंजीकडून येतो आणि पैसे घरोघरच्या वर्गणीतून दिलेले असतात. एकदा ते गेले, की ‘आवाज कमी करा’ हे पोरांना सांगायची अध्यक्षाची छाती होत नाही. म्हणून जाणता अधिकारी पहिली फेरी आषाढातच उरकतो, वर्गणीची पावती पुस्तकं छापायच्या आत. आणि त्या फेरीत अध्यक्षापेक्षा डीजेवाला, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि मिरवणुकीत दोरी धरणारी पोरं यांच्याशी जास्त बोलतो. विसर्जनाच्या रात्री अध्यक्ष पाहुण्यांच्या सत्कारात असतात. ट्रॅक्टर पुढे घ्यायचा की थांबवायचा, हे ड्रायव्हरच्या पायावर असतं.

(दृश्य: अरुंद बाजारपेठ. वर तारांचं जाळं. लाइनमन बांबू धरून उंची मापतोय.)

या फेरीतला पहिला प्रश्न साधा असतो: मूर्ती ट्रॉलीसकट किती फूट?

रस्ता ओलांडणारी कमी दाबाची वीजतार जमिनीपासून किमान 5.8 मीटर, म्हणजे साधारण 19 फूट वर असावी, आणि 11 केव्हीची तार 6.1 मीटर, असा नियम आहे. आता हिशेब करा. मूर्ती 14 फूट. ट्रॉलीचा पाटा जमिनीपासून साडेतीन फूट. वर छत्री नाहीतर प्रभावळ दोन फूट. झाले साडेएकोणीस. म्हणजे तार नियमात असली तरी मूर्ती अडकणार. आणि बाजारपेठेतली तार नियमात असतेच असं नाही. घराघरांत गेलेल्या सर्व्हिस वायर लोंबतात, त्याखाली केबलच्या आणि इंटरनेटच्या तारा. मग कोणीतरी पोरगा ट्रॉलीवर चढतो आणि बांबूनं तार उचलतो. भाद्रपदातला बांबू पावसानं ओला असतो. ओला बांबू वीज अडवत नाही.

म्हणून मार्ग पायी बघावा लागतो. पीआय, हेस्कॉमचा लाइनमन, नगरपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा माणूस आणि प्रत्येक मंडळाचा एक जण. कुठल्या चौकात पुरवठा कुठल्या ट्रान्सफॉर्मरवरून बंद करायचा, तो कोण बंद करणार, त्याचा नंबर कोणाकडे, हे तिथंच उभं राहून ठरवायचं. गटारीवरची फरशी कुठं फुटली आहे तेही बघायचं. लांब ट्रॉली वळवताना मागचं चाक आतल्या अंगानं कापत जातं आणि नेमकं फुटक्या फरशीत उतरतं. ट्रॉली अडकली की मागची सगळी मंडळं अडकतात आणि दोन डीजे एका चौकात समोरासमोर येतात. बहुतेक भांडणांचं मूळ इथं असतं, घोषणांत नसतं.

आवाजाबद्दल एक गोष्ट साहेबांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायची असते. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. सणासाठी मध्यरात्री 12 पर्यंत सवलत देता येते, पण ती राज्य सरकारनं, आणि वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. ‘साहेब, एक तास वाढवून द्या’ ही विनंती चुकीच्या दारात होत असते. वाढवून द्यायचा अधिकार पीआयकडे नाही. हे आषाढात सांगितलं तर ऐकून घेतलं जातं. विसर्जनाच्या रात्री साडेनऊला सांगितलं तर तेच वाक्य दादागिरी वाटतं.

बैठकीत काय लिहून घ्यायचं, यावर बरंच अवलंबून आहे. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ या ओळीचा रात्री काडीचा उपयोग नसतो. कागदावर हवं ते असं: कुठलं मंडळ कितव्या क्रमांकाला, कुठल्या चौकात किती वाजता, मशिदीसमोरून जाताना आवाज कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत बंद, तिथं मंडळाचा कोण आणि मोहल्ल्याचा कोण शेजारी शेजारी उभा राहणार. त्याखाली सह्या, आणि झेरॉक्स सगळ्यांच्या खिशात.

(दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका. पानं उलटली जातात.)

तारखांचा हिशेब तर वर्षभर आधी मांडता येतो. इस्लामी वर्ष चंद्राचं, साधारण 354 दिवसांचं. त्यामुळे ते सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. आपलं पंचांग मधे अधिक महिना घालून ऋतूशी जुळवून घेतं. म्हणून दोन्ही सण काही वर्षं एकमेकांना चिकटून येतात आणि मग लांब जातात. 2018 ते 2020 मध्ये मोहरम गणपतीच्या दिवसांत होता. 2023 ला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही 28 सप्टेंबरला आल्या, 2024 आणि 2025 ला एका दिवसाच्या अंतरानं. 2023 ला बेळगावातल्या मुस्लिम समाजानं ईदची मिरवणूक काही दिवस पुढे नेली. असा निर्णय जाहीर बैठकीत होत नसतो. त्याआधी दोन्हीकडच्या चार-सहा वडीलधाऱ्यांशी कोणाच्या तरी घरी, माईक आणि कॅमेऱ्याशिवाय बोलणं झालेलं असतं. सीमाभागातल्या अनेक गावांत मोहरमच्या पंजांना हिंदू घरांतून नैवेद्य जातो. ही ओळख जिथं टिकून आहे तिथं हे बोलणं सोपं जातं.

मंडळातल्या दोघा-तिघांवर आधीचे गुन्हे असले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली शांतता राखण्याचा बाँड, म्हणजे हमीपत्र, घेतला जातो. तालुक्यात हे काम कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांसमोर चालतं. बाँडची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पोरांना ही नोटीस म्हणजे अटक वाटते आणि ती घाबरतात किंवा चिडतात. बीट हवालदारानं, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या हवालदारानं, नोटीस हातात देताना तिचा अर्थ दोन मिनिटं सांगितला तर अर्धी चीड तिथंच उतरते. तेवढं करणारे हवालदार थोडे.

(दृश्य: ठाण्याचा व्हरांडा. बाकावर बसलेली माणसं.)

सण संपले तरी बोलणी चालू असतात. सकाळी अकराच्या सुमारास व्हरांड्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे: ‘साहेब, फिर्याद नको, जरा समज द्या.’

समज देणं हा कायद्यातला शब्द नाही, पण तालुक्यातली निम्मी भांडणं त्यावरच चालतात. बांधाचं भांडण घ्या. बांध कोणाचा, हे पोलीस ठरवू शकत नाहीत. हद्दबस्त मोजणीचा अर्ज करायचा, मोजणीदार आला की त्या दिवशी बंदोबस्त मागायचा, आणि मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात न्यायचा. इथं समज कामाची, कारण मोजणीपर्यंत कुऱ्हाड निघू नये एवढंच साधायचं असतं. अशा वेळी अनुभवी पीआय तीन गोष्टी विचारतो: दुखापत किती, आधी असं झालंय का, आणि आज रात्री दोघं कुठं झोपणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘एकाच वाड्यात’ असेल तर बीट हवालदाराची त्या गल्लीतली फेरी त्या रात्री वाढवावी लागते.

नवऱ्यानं मारलं म्हणून आलेल्या बाईच्या बाबतीत मात्र समज हा शुद्ध आळस आहे. पंच मंडळी सोबत येतात, मिटवून घ्या म्हणतात, नवरा मान खाली घालून ‘परत होणार नाही’ म्हणतो, आणि बाई त्याच घरात परत जाते. तिच्याशी वेगळं, महिला पोलिसासमोर, पंचांना बाहेर बसवून बोलायला हवं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी म्हणून कर्नाटकात सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी, काम बघतात. न्यायालयाच्या आवारातल्या तालुका कायदा सेवा समितीकडून बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही दोन्ही ऑफिसं बहुतेक ठाण्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतात, तरी पंचांना त्यांचा पत्ता माहीत नसतो.

फिर्याद द्यायचीच असेल तर तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घेऊन फिर्यादीला वाचून दाखवायचं असतं, मगच सही. सीमाभागात जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. मराठी बोलणाऱ्यानं तो समजेल अशा भाषेत पूर्ण वाचून घ्यावा, घाई असली तरी. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंद घेतलीच नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. बेळगाव शहराला 2014 पासून वेगळं आयुक्तालय आहे. बाकी जिल्हा अधीक्षकांकडे, म्हणजे खानापूर, निपाणीच्या माणसानं पाकिटावर अधीक्षकांचाच पत्ता घालायचा.

हद्दीचा घोळ सीमेवर रोजचा. मोटारसायकल शिनोळीत चोरीला जाते, मालक बाचीचा. एक गाव महाराष्ट्रात, दुसरं कर्नाटकात, मधे वेंगुर्ला रस्ता. ‘ती आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या त्याच नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठंही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. तिला झिरो एफआयआर म्हणतात. पुढं कागद योग्य ठाण्याकडे जातात. तरीही चंदगड किंवा कागलच्या ठाण्यातल्या कोणाशी तरी फोनवर बोलणं असलेला अधिकारी गाडी लवकर शोधतो. कागद पोचायच्या आत चोर आंबोलीपार झालेला असतो.

(दृश्य: रात्रीचा रस्ता. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर.)

दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की बैठकीतले चेहरे बदलतात. आता ट्रॅक्टरवाले, ऊस वाहतूकदार, कारखान्याचे शेती अधिकारी. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, असला तर उसाच्या लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, म्हणजे शेंड्यांखाली, झाकलेला. लाल परावर्तक पट्टी ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लावली तर ती ऊस भरल्यावर दिसत नाही. चॅसीवर, खाली लावावी लागते. दुसरी गोष्ट दगडांची. चढावर पंक्चर झालं की चाकाखाली मोठा दगड लावतात, पंक्चर काढून निघून जातात, दगड रस्त्यातच. पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन येणारा मोटारसायकलवाला त्यावर आपटतो. म्हणून काही ठाण्यांत सांगून ठेवतात: दगड नको, लाकडी उटी, म्हणजे पाचर, वापरा आणि ती साखळीनं ट्रॉलीला बांधा. साखळीमुळे उटी मागे राहत नाही.

वाहतूकदारांची खरी तक्रार उचलीची, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांची असते. ऊसतोड टोळीच्या मुकादमानं उचल घेतली आणि टोळी आलीच नाही. वाहतूकदार सरळ फसवणुकीचा गुन्हा मागतो. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. टोळी निम्मा हंगाम राबून गेली असेल तर प्रकरण दिवाणीकडे झुकतं. एकाच टोळीवर मुकादमानं तिघांकडून उचल घेतली असेल तर इरादा उघड दिसतो. म्हणून करारपत्र आणि बँकेतून गेलेल्या पैशाचा पुरावा घेऊन यावं. रोख दिलेल्या उचलीला साक्षीदार शोधता शोधता हंगाम संपतो.

1 नोव्हेंबरचं बोलणं वेगळ्या जातीचं. एकीकडे कन्नड राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधात 1956 पासून मराठी भाषक पाळत आलेला काळा दिवस. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ भाषेच्या वादातून एका बसवाहकाला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांमधली बससेवा काही दिवस बंद पडली. अशा वेळी छोट्या गावातल्या पीआयचे पहिले फोन डेपो मॅनेजरला, बाजारातल्या व्यापाऱ्यांना आणि गावातल्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनना जातात. पुढाऱ्यांचा नंबर त्यानंतर. व्हिडिओ कुठल्या तारखेचा, कुठल्या गावचा, एवढं ॲडमिननं विचारलं तरी जुना व्हिडिओ नव्या नावानं फिरणं बरंच थांबतं.

सायबर फसवणुकीबद्दल महिला बचत गटांत आणि पेन्शनरांत जे सांगायचं ते थोडक्यात सांगता येतं. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेले तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन, नंतर ठाणं. फोन करताना बँक खात्याचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक हाताशी ठेवायचा. उशीर झाला की पैसे दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पांगतात आणि गोठवायला काही उरत नाही.

(दृश्य: हवालदाराच्या हातातली बीटची वही.)

पीआयची बदली वर्ष-दोन वर्षांत होतेच. नवे साहेब दक्षिणेकडचे असले तर मराठी येत नाही, गाव माहीत नाही. 2025 मध्ये कर्नाटकात ‘मने मनेगे पोलीस’, म्हणजे घरोघरी पोलीस, ही योजना सुरू झाली, पण घरोघरी जाऊन मिळालेली माहिती वहीत उतरली नाही तर ती हवालदारासोबतच निवृत्त होते. पहिल्या आठवड्यात जुन्या हवालदाराला घेऊन बसावं आणि विचारावं: कुठल्या गल्लीत गेल्या वर्षी भांडण कोणामुळे थांबलं, कुठल्या चौकातली तार अजून खाली आहे, मोजणी कुठं अडकली आहे, कुठल्या घरातली बाई दोनदा येऊन फिर्याद न देता गेली. त्या बाईच्या नावापुढे महिला पोलिसाचं नाव आणि पुढच्या भेटीची तारीख लिहायची.